शंभर माणसांची भाषा, म्हणे!

“शंभर माणसांची भाषा म्हणे! आमच्या सोसायटीत दोनशे चाळीस माणसं राहतात.”

ॲमेझॉनमधल्या एका भाषेवरचं माझं व्याख्यान संपलं होतं, चहाचे कागदी कप हातात आले होते, आणि हे वाक्य माझ्या पाठीमागे, पण मला नीट ऐकू यावं अशा बेताने उच्चारलं गेलं. वळून पाहिलं तर दुसऱ्या रांगेतले गृहस्थ. तासभर ते वहीत काहीतरी टिपून घेत होते आणि मी मनातून सुखावले होते. ती टिपणं कशाची होती, ते आता कळलं. बँकेतून निवृत्त, वाचन दांडगं, मराठी पाट्यांसाठी वर्तमानपत्रांना नेमाने पत्रं लिहिणारे. पुढचा पाऊण तास आम्ही भांडलो. त्या दिवशी मला सगळी उत्तरं वेळेवर सुचली नाहीत, ती इथे देते. त्यांचं म्हणणंही शक्य तितक्या प्रामाणिकपणे मांडते, कारण ते एकट्या त्यांचं नाही. सुशिक्षित मराठी बैठकीत दहातले आठजण थोड्याफार फरकाने तेच बोलतील.

ते म्हणाले, भाषा जन्मतात तशा मरतात. महाराष्ट्री प्राकृत गेली, अपभ्रंश गेली, म्हणून तर मराठी आली. तेव्हा कुणी गळा काढला होता का? शिवाय त्या लोकांनी आपली भाषा आपण होऊन सोडली आहे. पोरांना नोकरी हवी, दवाखाना हवा, मोबाईल हवा. त्यांना ‘तुमची भाषा जपा’ म्हणून सांगायला जाणं म्हणजे भरल्या पोटाची हौस. आणि तुमच्या त्या बाईंनी व्याकरण लिहिलंय ना? शब्दकोश झालाय ना? मग आणखी काय हवं? कपाटात ठेवा, विषय संपला.

भाषेचं नाव तारियाना. ब्राझीलच्या वायव्य टोकाला, कोलंबियाच्या सीमेलगत, वाउपेस नदीच्या खोऱ्यात ती बोलली जाते. अरावाक कुळातली. हे कुळ एकेकाळी कॅरिबियन बेटांपासून पार बोलिव्हिया-पराग्वेच्या बाजूपर्यंत पसरलेलं होतं. 1492मध्ये कोलंबस उतरला तेव्हा त्याच्या कानावर पडलेली ताइनो हीसुद्धा याच कुळातली. ताइनो गेली, पण तिचा ‘बटाटा’ स्पॅनिश-पोर्तुगीज जहाजांतून आपल्या किनाऱ्यावर उतरला. मूळ शब्द रताळ्याचा, आपण तो भलत्याच कंदाला चिकटवला आणि पुढे त्याचा वडा केला. हे मी त्या गृहस्थांना सांगितलं तेव्हा ते हसले. त्यांच्या हातातल्या बशीत वडाच होता.

स्वतःला तारियाना म्हणवणारी माणसं दीड हजाराहून अधिक आहेत. पण अलेक्झांड्रा आयखेनवाल्ड या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी 1990च्या दशकापासून तिथे राहून जो अभ्यास केला, त्यात ही भाषा खरोखर बोलणारी माणसं शंभरच्या आसपास भरली. तीही सांता रोझा आणि पेरिकितोस या दोन गावांतली. मुलांच्या तोंडी आज तुकानो असते. ती शेजाऱ्यांची भाषा, आणि कुळ साफ वेगळं.

महाराष्ट्री प्राकृताचा दाखला इथेच गळून पडतो. प्राकृत बोलणाऱ्या एखाद्या आजीने नातीशी बोलणं थांबवलं आणि नात एका सकाळी मराठी बोलू लागली, असं कधीच झालं नाही. प्रत्येक पिढीला वाटत होतं की आपण आईचीच भाषा बोलतोय, आणि ते खरंही होतं. नदीने हजार वर्षांत पात्र बदललं, पाणी तुटलं नाही. तारियानाची कशात रूपांतर होण्याची गोष्ट चाललेली नाही. आजोबा एक भाषा बोलतात, नातू दुसरी, आणि दोहोंत नातं नाही. याला उत्क्रांती म्हणायचं असेल, तर उद्या आपली नातवंडं मराठीचा एक शब्द न कळता इंग्रजी बोलू लागली, की त्यालाही मराठीची उत्क्रांती म्हणावं लागेल. आमचे गृहस्थ तसं म्हणणार नाहीत. मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा त्यांनी सोसायटीत पेढे वाटले होते, हे त्यांनीच मला सांगितलं.

खरा मुद्दा मात्र ‘त्यांनी आपण होऊन सोडली’ हा आहे. तो जितका सरळ दिसतो तितकाच खोटा आहे, आणि तो का खोटा हे समजायला वाउपेसची रीत समजून घ्यावी लागते.

तिथे भाषा बापाकडून येते. बाप तारियाना तर मूल तारियाना, बाप तुकानो तर मूल तुकानो. एकाच भाषेची माणसं म्हणजे भावंडं, आणि भावंडांत लग्न होत नाही. आपल्याकडे सगोत्र लग्न नको म्हणायचे, तसं तिथे सभाष लग्न नको. म्हणजे घरात येणारी प्रत्येक सून दुसऱ्या भाषेची असणार, हे ठरलेलंच. मूल बापाची भाषा बोलणार, आईची जाणणार, काकूची ऐकून शिकणार, पलीकडच्या गावची मामाकडे जाता-येता उचलणार. तीन-चार भाषा येणं हे तिथे विद्वत्तेचं लक्षण नव्हतं, आपल्याकडे पोहता येणं असतं तितकी ती साधी गोष्ट होती. आजही पिकल्या वयाच्या माणसांत ते दिसतं.

आता या माणसाला विचारा, “तुझी भाषा की उपयोगाची भाषा?” त्याला प्रश्नच कळणार नाही. ‘की’ कशासाठी? त्याच्या शंभर पिढ्यांना कधी एक घेण्यासाठी दुसरी टाकावी लागली नव्हती. सौदा करताना एक, सासरी दुसरी, घरात तिसरी. ‘की’ हा शब्द तिथे बाहेरून आला, आणि कुणी आणला तेही ठाऊक आहे.

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात सालेशियन पंथाचे मिशनरी रिओ नेग्रोच्या वरच्या खोऱ्यात, म्हणजे याच भागात, आले. डॉन बॉस्कोचे हेच सालेशियन, ज्यांची शाळा मुंबईकरांना माटुंग्यात ठाऊक आहे. त्यांनी तिथे दवाखाने काढले, शाळा काढल्या. रबराच्या व्यापाऱ्यांनी जे हाल चालवले होते त्यांपुढे मिशनचं आवार हा अनेकांना आसरा वाटला, हेही खरं, आणि ते वगळून मला वाद जिंकायचा नाही. पण एका भाषेत राहणं हे सुधारलेल्या माणसाचं लक्षण आणि चार भाषा बोलणं हा रानटी, पाखंडी घोळ, अशी त्यांची पक्की समजूत होती. मुलं वसतिशाळांत आणली गेली. मलोका, म्हणजे ज्या एका लांबलचक छपराखाली भावाभावांची कुटुंबं एकत्र नांदत, ती घरं मोडली गेली आणि त्यांच्या जागी ‘नीटनेटक्या’ गावांत एकेका कुटुंबाचं घर आलं. पोर्तुगीज आलीच, पण आदिवासी भाषांतली एक निवडायची म्हणून तुकानो पुढे करण्यात आली, कारण ती बोलणारे सर्वांत जास्त.

मला या सगळ्यात सर्वांत जास्त खटकतं ते घर. वसतिशाळेतली शिक्षा डोळ्यांत भरते, तिच्यावर लेख लिहिता येतो. घर मोडल्याने काय होतं ते चटकन दिसत नाही. मोठ्या घरात बाप कामाला गेला तरी आजोबा होते, काका होते, चुलतभाऊ होते, बापाची भाषा दिवसभर छपराखाली वाजत होती. सुट्या घरात बाप रोख पैशासाठी नदी उतरून गेला की मागे उरली आई. आणि आई तर रीतीप्रमाणे दुसऱ्या भाषेची! ती बहुधा तुकानो. मुलाने आईशी बोलावं यापेक्षा नैसर्गिक काय? अशी ती भाषा गेली. त्या आईने काही सोडलं नाही, बापाने सोडलं नाही, मुलाने तर नाहीच. घराचा आराखडा बदलला आणि बाप रोजगाराला गेला. याला ‘आपण होऊन’ म्हणायचं असेल तर कोकणातली घरं मुंबईच्या गिरण्यांनी रिकामी केली, तीही चाकरमान्यांनी हौसेनेच केली असं म्हणा.

आणि नोकरीचा मुद्दा? तारियाना सोडून मुलं तुकानोकडे गेली. तुकानोने कुठे हो नोकरी मिळते? पोर्तुगीज हवी म्हणून आजोबांची भाषा टाकावी लागली, हे गणितच चुकीचं आहे. पोर्तुगीज त्यांना पाचवी भाषा म्हणून सहज आली असती.

आता थोडं माझ्याच बाजूच्या लोकांशी भांडते, कारण त्यांनीही या प्रकरणात पुष्कळ घोटाळा केला आहे. व्याख्यानानंतर दुसऱ्या एक बाई आल्या, डोळ्यांत पाणी, म्हणाल्या, “एक भाषा मेली की जगाकडे पाहण्याची एक खिडकीच बंद होते.” हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की आता ते ऐकलं की मला खिडकीच लावून घ्यावीशी वाटते. आणि मग सगळ्यांना हवा असतो तो शेवटचा म्हातारा. शेवटचा बोलणारा, त्याचा सुरकुतलेला फोटो, खाली दोन ओळी. माणूस जिवंत असताना त्याची मयत छापायची ही पत्रकारिता गृहस्थांच्या युक्तिवादाची सख्खी बहीण आहे. ते म्हणतात, मरू द्या. या म्हणतात, अरेरे, मेली. मेली यावर दोघांचंही एकमत.

त्या खिडकीचा नमुना म्हणून तारियानातली जी गोष्ट नेहमी सांगितली जाते, ती खरोखर देखणी आहे, म्हणून सांगते. या भाषेत घडलेली गोष्ट सांगताना ती तुम्हाला कशी कळली हे क्रियापदातच सांगावं लागतं. समजा, शेजाऱ्याने झाड तोडलं. तुम्ही डोळ्यांनी पाहिलं असेल तर क्रियापदाला ‘-का’ लागतो. नुसता कुऱ्हाडीचा आवाज ऐकला असेल तर ‘-माहका’. सकाळी बुंधा दिसला, अंगणभर ढलप्या दिसल्या, आणि त्यावरून तुम्ही ओळखलंत, तर ‘-निहका’. काहीच दिसलं नाही, पण हा माणूस गेली दहा वर्षं त्या झाडावर टपून होता, तेव्हा दुसरं कोण असणार, तर ‘-सिका’. आणि कुणी सांगितलं असेल तर ‘-पिदाका’. (हे सगळे ताज्या भूतकाळाचे. इतर काळांना वेगळी रूपं.) यातला एक निवडल्याशिवाय वाक्य पुरं होत नाही. चुकीचा निवडलात तर तुम्ही अडाणी तरी ठरता, नाहीतर खोटारडे. स्वप्न सांगायचं तर साध्या माणसाने न पाहिलेल्याचा प्रत्यय लावायचा. भगताचं भविष्य सांगणारं स्वप्न मात्र पाहिलेल्याच्या प्रत्ययात, कारण त्याने ते खरंच पाहिलेलं असतं.

मराठी माणसाला हे परकं वाटायचं कारण नाही. झाड तोडलं, तोडलं वाटतं, तोडलेलं दिसतंय, तोडलं असणार, तोडलं म्हणे. पाचही रंग आपल्याकडे आहेत. फरक इतकाच की आपल्याला ते न वापरण्याची मुभा आहे, आणि ती मुभा आपण वर्तमानपत्रापासून कट्ट्यापर्यंत सढळ हाताने घेतो.

पण खिडकीवाल्या बाईंना जे सांगायचं राहून गेलं ते हे: ही सोय तारियानाची वडिलोपार्जित नाही. तिच्या जवळच्या नातलग अरावाक भाषांत ती अशी पाच पदरी आढळत नाही. ती आली तुकानोसारख्या शेजारच्या भाषांकडून, सुनांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या तोंडून. गंमत म्हणजे परके शब्द घ्यायला तारियाना माणसं कमालीची नाराज असतात. बोलण्यात तुकानो शब्द आला की म्हातारे टोकतात, हसतात. आपल्याकडची भाषाशुद्धीची चळवळ त्यांच्यापुढे लेचीपेची वाटेल. शब्दांसाठी दार घट्ट लावून बसले, आणि व्याकरण मागच्या दाराने येऊन चुलीपाशी बसलं.

म्हणजे उद्या तारियाना गेली तरी पाहिलं-ऐकलं-ताडलं हा भेद जगातून जाणार नाही, तुकानोत तो राहीलच. मग मी भांडते कशासाठी? खिडकीसाठी नव्हे. ती भाषा काही माणसांचा पत्ता आहे, म्हणून. तिथे ‘तू कोण’ या प्रश्नाचं उत्तर ‘माझ्या बापाची भाषा अमुक’ हे असतं. लग्न कुणाशी जमतं, भावकी कुणाशी, भोजनाला कुणाला बोलवायचं, हे सगळं त्यावर उभं. तारियाना मुलगा फक्त तुकानो बोलतो, आणि तुकानो मुलीशी लग्न करतो, तेव्हा रीतीच्या हिशेबाने तो कोण? ही अडचण भाषाशास्त्रज्ञाने शोधून काढलेली नाही, ती त्या मुलाला घरात ऐकून घ्यावी लागते. आणि त्याची ही अडचण मोठी की छोटी, हे पुण्यात बसून डोकी मोजून ठरत नाही. दोनशे चाळीस माणसांच्या सोसायटीचं नाव उद्या कुणी परस्पर बदललं तर सर्वसाधारण सभेत काय होईल, त्याची कल्पना गृहस्थांना माझ्यापेक्षा जास्त आहे.

राहिला व्याकरणाचा आणि कपाटाचा मुद्दा. आयखेनवाल्डबाईंचं तारियानाचं व्याकरण 2003मध्ये केंब्रिजने छापलं. जाडजूड, इंग्रजी, आणि त्या विषयातलं मोठं काम. पण व्याकरण म्हणजे भाषा, असं म्हणणारा माणूस पाकशास्त्राचं पुस्तक आणून जेवण झालं म्हणेल. त्या पुस्तकाने कुणाचं मूल झोपत नाही. आणि मुख्य म्हणजे बाईंनाही ते कपाटात जायला नको होतं. तारियाना-पोर्तुगीज कोश झाला तो तिथल्या कुटुंबाच्या सोबतीने. आणि याउआरेते गावात, जिथे बहुतेक तारियाना घरांतून ती भाषा गेलेलीच आहे, तिथल्याच माणसांनी ती पुन्हा शिकवा म्हणून मागणी केली. ‘त्यांनाच नको आहे’ म्हणणाऱ्यांना हे माहीतच नसतं.

अर्थात ते वर्ग काही सनईच्या सुरांत सुरू झाले नाहीत. तारियानांत कुळांची उतरंड आहे, थोरली-धाकटी, मानाची-बिनमानाची. आणि भाषा टिकली कुणाकडे? सांता रोझाच्या वामियारिकुने लोकांकडे, जे उतरंडीत खालचे. मानाच्या कुळांकडून ती कधीच गेली. आता मोठ्या घरच्या पोराने धाकट्या घरच्या माणसापुढे बसून स्वतःच्या पूर्वजांची भाषा गिरवायची! कुणाचा उच्चार खरा, कुणाचा शब्द खरा, यावर रुसवेफुगवे व्हायचेच. मला हा भाग वाचताना हायसं वाटलं. मेलेल्या भाषेवरून कुणी भांडत नाही. गावकीची भांडणं जिवंत गोष्टीवरूनच होतात.

सरकारी पाठबळाचं फार बोलत नाही, कारण तिथे बोलण्यासारखं फार नाही. ब्राझीलच्या 1988च्या राज्यघटनेने आदिवासी मुलांना प्राथमिक शाळेत आपली भाषा वापरण्याचा हक्क दिला आहे. ज्या तालुक्यात हे सगळं घडतं त्या साओ गाब्रिएल दा काशोएइराने 2002मध्ये पोर्तुगीजच्या जोडीला न्हेंगातू, तुकानो आणि बानिवा या तीन भाषांना अधिकृत दर्जा दिला. बानिवा ही तारियानाची अरावाक बहीण. तारियाना त्या यादीत नाही. दोनच गावं, कोण धरणार तिला? पुढे 2006मध्ये याउआरेतेच्या धबधब्याची देशाच्या सांस्कृतिक वारशात नोंद झाली, कारण तिथल्या खडकाखडकाला वाउपेसच्या लोकांची गोष्ट जोडलेली आहे. त्यांतल्या कितीतरी गोष्टी तारियाना पूर्वजांच्या आहेत. खडकांना सरकारी कागद मिळाला, ज्या भाषेत त्यांची नावं पडली तिला नाही. खडक मतदान करत नाहीत आणि शिक्षकही मागत नाहीत, हे त्यांच्या पथ्यावर पडत असावं.

गृहस्थांनी शेवटी ठेवणीतला बाण काढला. “ॲमेझॉनचं राहू द्या,” ते म्हणाले, “आपल्याला काय त्याचं?” मी विचारलं, निहाली ऐकलंय? त्यांनी ऐकलं नव्हतं. बुलढाणा जिल्ह्यात, जळगाव जामोदच्या बाजूला ती बोलली जाते. बोलणारे दोन-अडीच हजार, आणि जगातल्या कुठल्याही भाषेशी तिचं नातं अजून ठरलेलं नाही. संस्कृतशी नाही, द्राविडीशी नाही, मुंडाशीही नाही. आपल्या राज्यात, आपल्या पाट्यांखाली. मी ते त्यांना खाली पाहायला लावायला विचारलं नव्हतं. मलाही तिचं नाव फार उशिरा कळलं. पण ‘आपल्याला काय त्याचं’ या वाक्याची हद्द बुलढाण्याच्या अलीकडेच संपते, हे दाखवायचं होतं.

ते गप्प झाले नाहीत. तसे लोक गप्प होत नाहीत, आणि मला ते आवडतं. कप टोपलीत टाकत म्हणाले, “तुम्ही काहीही म्हणा, ही भाषा मेलेलीच आहे.”

मी वाउपेसला गेलेले नाही. सांता रोझा मी पाहिलेलं नाही, याउआरेतेच्या धबधब्याचा आवाज ऐकलेला नाही. जे काही लिहिलं ते पुस्तकांतून आणि ज्यांनी पाहिलं त्यांच्याकडून. तारियानात लिहायचं झालं असतं तर या लेखातल्या जवळजवळ प्रत्येक क्रियापदाला मला ‘-पिदाका’ लावावा लागला असता, आणि मी तो मुकाट्याने लावला असता. गृहस्थांनी त्यांच्या ‘मेलेलीच आहे’ला कोणता प्रत्यय लावायचा, ते त्यांनी मला पत्राने कळवावं. पत्रं लिहिण्याची सवय त्यांना आहेच.